चिक्की मऊ पडली, आणि पोरं गोधडीतून उठत नाहीत

प्रश्न : ताई, यंदा पहिल्यांदाच घरी तिळाची चिक्की केली, पण ती कट्कन तुटतच नाही, दाताला चिकटते आणि दुसऱ्या दिवशी तर हाताला लागायला लागली. गूळ नेहमीचा भाजी-आमटीचाच होता. दुसरं म्हणजे रविवारी पोरं दहा वाजेपर्यंत गोधडीत, त्यांना थंडीत फिरायला कसं न्यायचं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचा पाक कच्चा राहिलाय, बाकी फार काही चुकलेलं नाही. मऊ गोळीचा पाक लाडवाला चालतो, चिक्कीला नाही. शेजारी वाटीत गार पाणी ठेवा आणि पाकाचा थेंब त्यात टाका, बोटांत दाबला गेला तर अजून थांबायचं, कडक होऊन वाटीवर आपटल्यावर टण्ण वाजला आणि काचेसारखा तुटला की झालं. या दोन्हींच्या मध्ये दोन-चार मिनिटंच असतात आणि गूळ जळेल म्हणून बहुतेक जणी तिथेच गॅस बंद करतात. जळला तर कडू होतो हे खरंच आहे, म्हणून गॅस बारीक ठेवायचा, ढवळत राहायचं, सारखे थेंब टाकून बघायचे आणि तेवढा वेळ फोन वाजला तरी घ्यायचा नाही.

प्रमाण सोपंय, 1 वाटी तीळ, पाऊण ते 1 वाटी चिरलेला गूळ, चमचाभर तूप. गूळ मात्र दुकानात 'चिक्कीचा गूळ' म्हणूनच मागा, तो चिकट असतो आणि त्यानेच चिक्की कडक होते. तीळ आधी मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा. पाक झाला की चिमूटभर खायचा सोडा टाका, पाक फसफसतो आणि त्या बुडबुड्यांमुळे चिक्की खुसखुशीत होते. पोळपाट-लाटण्याला तूप आधीच लावून ठेवा, कारण तीळ घातले की लाटायला मिनिटभरच मिळतं, गरम असतानाच सुरीने रेषा मारायच्या. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, गूळ हवेतला ओलावा ओढून घेतो, तुमच्या हाताला लागली ती त्यामुळेच. आणि फसलेली चिक्की टाकू नका हं, मंद आचेवर जराशी गरम करून तुपाच्या हाताने लाडू वळा, मस्त होतात.

आता पोरं. नाशकात राहता तर पांडवलेणीला न्या, पायऱ्या चढायला वीसेक मिनिटं लागतात, वर 24 लेणी आहेत आणि 3 नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, आपल्या मुलाचे, म्हणजे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचे, पराक्रम सांगणाऱ्या आईचा. पोरांना हे सांगितलं की ती थांबून बघतात, माझा अनुभव आहे. चिक्की तुमच्या खिशात ठेवा आणि ती वर पोचल्यावरच मिळणार असं घरीच सांगून टाका. स्वेटरपेक्षा कानटोपी महत्त्वाची, चढताना स्वेटर निघतोच.

प्रश्न : सासूबाईंना दमा आहे तरी पहाटे पाचला चालायला जातात, सकाळची हवा शुद्ध असते म्हणतात.

उत्तर : हिवाळ्यात शहरात उलटं असतं. रात्री जमिनीलगतची हवा गार पडते, वर त्यामानाने उबदार हवेचा थर बसतो आणि गाड्यांचा, शेकोट्यांचा धूर खालीच अडकून राहतो. ऊन पडून जमीन तापली की तो वर जातो. त्यामुळे त्यांना आठ-साडेआठनंतर पाठवा, नाकातोंडावर सुती रुमाल किंवा मफलर घ्यायला सांगा म्हणजे गार हवा थेट छातीत जाणार नाही, आणि पंप खिशातच हवा, घरी कपाटात नको. चालताना धाप लागायला लागलीये असं दिसलं तर डॉक्टरांना दाखवा, थंडी संपायची वाट बघू नका. आणि एकट्या पाठवण्यापेक्षा तुम्हीच सोबत जा ना, त्यांनाही बरं वाटेल.