भूतकाळ बदलला, तरी मालिकेतील पात्रांच्या आठवणी कशा उरतात?

‘डार्क शॅडोज’ या अमेरिकी मालिकेत कॉलिन्स घराण्यातील पूर्वज क्वेंटिन याचा मृत्यूच टळतो, तरीही १९६९ मधील त्याचे भूत घरच्यांना कसे आठवते, असे आपण विचारले आहे. विसंगती खरीच आहे. या भुताने पछाडलेल्या लहानग्या डेव्हिडला वाचवण्यासाठी घराण्यातलाच रक्तपिपासू (व्हँपायर) बार्नबस काळात मागे, क्वेंटिन जिवंत असतानाच्या १८९७ मध्ये जातो. तेथे क्वेंटिन जिवंत राहिला म्हणजे भूत उरत नाही, आणि भूतच नसेल तर बार्नबसला मागे जाण्याचे कारणही उरत नाही.

निपाणीला आमच्या घरी तंबाखूच्या व्यवहाराची जुनी खतावणी आहे. तिच्यातील एक रक्कम तांबड्या शाईने खोडलेली आहे, पण पुढच्या पानाच्या माथ्यावर ‘मागील पानावरून’ आणलेली बेरीज मात्र जुनीच राहिली आहे. लेखकांनी नेमके हेच केले: भूत खोडले, आठवणींची बेरीज तशीच ठेवली.

त्यापेक्षा १७९५ चे कथानक मला अधिक काटेकोर वाटते. डेव्हिडची शिक्षिका व्हिक्टोरिया त्या काळात जाताच तेथील शिक्षिका फिलिस विक तिच्या जागी वर्तमानात येते, त्यामुळे निदान माणसांचा हिशेब तरी जुळतो.

तरीही आठवणी राखण्याचा निर्णय मला योग्यच वाटतो. १९६६ ते १९७१ या काळात सोमवार ते शुक्रवार दाखवल्या जाणाऱ्या, बाराशेंहून अधिक भागांच्या या मालिकेत, प्रेक्षकांनी कित्येक आठवडे जीव मुठीत धरून पाहिलेले प्रसंग ‘घडलेच नाहीत’ असे सांगणे म्हणजे त्यांची ती भीतीच खोटी ठरवणे झाले असते.