ट्रॅक्टरच्या तेलात पाणी, सोनोग्राफीत दिसन का?

प्रश्न: नमस्कार दादा, मी भंडारा जिल्ह्यातला, धानवाला. रोवणीच्या वेळी ट्रॅक्टर चिखलणीसाठी पंधरा दिवस बांधीतच होता, आता डिपस्टिक काढून पाहिली तर गिअरचं तेल दुधाच्या चहासारखं झालं आहे. मिस्त्री म्हणते पाणी घुसलं, सगळं तेल काढा. पोरगा पॉलिटेक्निकला आहे, तो म्हणते अल्ट्रासाऊंडनं तेलातलं पाणी समजते. तालुक्याच्या सोनोग्राफी सेंटरवर बाटली नेऊ का?

उत्तर: भाऊ, पोरगा बरोबर बोलला, पण बाटली नेऊ नका. ती मशीन १९९४ च्या गर्भलिंग निदान कायद्याखाली नोंदलेली असते, अन् तिचा पडदा शरीराच्या आतलं चित्र दाखवते, तेलात पाणी किती टक्के ते नाही सांगत.

तेलासाठीची पद्धत वेगळी. एका बाजूनं अल्ट्रासाऊंड, म्हणजे कानाला ऐकू न येणारा आवाज, सोडायचा, दुसऱ्या बाजूनं तो किती वेळात आला अन् किती कमजोर होऊन आला हे मोजायचं. २० डिग्रीला पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,४८० मीटर जाते, इंजिन-गिअरच्या तेलात १,४५० च्या आसपास, म्हणजे फरक थोडासाच, अन् तेल एक डिग्री तापलं की वेग ३-४ मीटरनं घसरते, पाण्याचा मात्र वाढते. म्हणून तापमान नीट मोजल्याशिवाय नुसत्या वेगावर भरवसा ठेवता येत नाही. खरी खूण कमजोरीची, कारण पाण्याचे बारीक थेंब आवाज इकडेतिकडे फेकतात. पण तेलात पूर्ण विरघळलेलं पाणी थेंबच करत नाही, ते असं नाही सापडत, त्याला लॅबमधली कार्ल फिशर टेस्ट, म्हणजे रसायनानं पाणी मोजायची तपासणी, लागते. मोठ्या टर्बाइनला, जिथं तेल सतत फिरते, तिथं असं मोजमाप कामाचं.

तुमच्या तेलात तर पाणी डोळ्यानंच दिसते, तिथं मशीनवर पैसे कशाला घालता? खातरी पाहिजे तर तवा चांगला तापवा, धूर निघेपर्यंत नको, अन् ड्रॉपरनं एकच थेंब टाका. तडतडला तर पाणी आहे, अगदी हजारात एक भाग असलं तरी बहुतेक तडतडते. डोळ्यावर चष्मा लावा, लेकरं दूर ठेवा, हे मी जोर देऊन सांगतो, गरम तेल उडते.

मिस्त्रीचं ऐका, तेल काढा. पाण्यानं बेअरिंगवरचा तेलाचा थर तुटते, गंज चढते. पण नवीन तेल भरायच्या आधी मागच्या एक्सलचं सील अन् ब्रीदर (गिअरबॉक्सची हवा ये-जा करते ते छोटं तोंड) पाहून घ्या, नाहीतर पुढच्या रोवणीला पाणी त्याच वाटेनं आत येईल.