करारात पाच फूट, खड्डा साडेआठ फूट

प्रश्न : इंदूरला कनाडिया भागात आमचा वीस बाय पन्नासचा प्लॉट आहे. ठेकेदाराशी स्टॅम्पपेपरवर हिंदीत करार केला : सळई आमची, बाकी माल-मजुरी त्याची, ढाचा ठोक 14,50,000 रुपयांत, पैकी जोत्यापर्यंतचे 4,00,000. मातीची तपासणी केली नव्हती. बारा खड्डे पाच फूट खणले तरी काळीच माती. इंजिनियरनं मुरूम लागेपर्यंत खाली जायला सांगितलं, तो साडेआठ फुटांवर लागला. ठेकेदारानं व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकून "और नीचे जाना पड़ेगा" असं लिहिलं, मी "ठीक है, करो" म्हटलं. आता तो 1,85,000 जादा मागतो. काम बंद आहे. पैसे मिळाले नाहीत तर सळई उचलून नेईन म्हणतो. ठरल्याप्रमाणे 2,50,000 दिलेले आहेत. पाच खड्डे बुजवलेत, सात उघडे आहेत. ठोक म्हणजे ठोक ना? की द्यावेच लागतील?

उत्तर : काही पैसे द्यावे लागतील, पण 1,85,000 नाही. मात्र त्या वादाआधी एक काम उद्याच्या उद्या करा. मोजमाप होईपर्यंत सात खड्डे कुणालाही बुजवू देऊ नका. इंजिनियरला बोलवा, ठेकेदाराला लेखी निरोप द्या आणि प्रत्येक खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली टेप लावून कागदावर घ्या. तिघांच्या सह्या. ठेकेदार आला नाही तर तसं लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या. एकदा भराव पडला की किती खणलं हे त्याच्या बिलावरच अवलंबून राहील.

आता करार. तुम्ही पाठवलेल्या प्रतीत "नींव से प्लिंथ तक संपूर्ण कार्य, संलग्न नक्शे के अनुसार" असं आहे, आणि जोडलेल्या नकाशात फुटिंगची (कॉलमखालच्या काँक्रीटच्या पायाची) खोली पाच फूट दाखवली आहे. नकाशा जोडलाच नसता तर मी तुमच्यासारखंच म्हटलं असतं, ठोक म्हणजे ठोक. पाच फुटांच्या आत पाणी लागलं, मजुरी वाढली, डिझेल महागलं, तर तो त्याचा घाटा. काम अपेक्षेपेक्षा महाग पडलं एवढ्यावरून करारातून सुटता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 1960 मध्येच अलोपी परशाद प्रकरणात सांगितलं आहे. पण साडेतीन फूट जादा काम नकाशाबाहेरचं आहे. त्याचा दर करारात नाही, म्हणून ते ठोक रकमेत कोंबताही येणार नाही.

अशा कामाला भारतीय करार कायद्याचं कलम 70 लागतं. कुणी कायदेशीरपणे, फुकट करण्याचा हेतू नसताना तुमच्यासाठी काम केलं आणि तुम्ही त्याचा लाभ घेतला, तर तुम्ही भरपाई द्यायला बांधील असता. तुमचा "ठीक है, करो" हा मेसेज त्याच्या बाजूनं बोलतो, यात आडपडदा नको. पण त्या मेसेजनं तुम्ही कामाला होकार दिला, कुठल्या दराला नाही. दर ठरलेला नसेल तर न्यायालय वाजवी दर पाहतं. लोकनिर्माण विभागाचं दरपत्रक त्यासाठी चांगला आधार.

त्याचं बिल मात्र नीट बघा, कारण खरी गंमत तिथे आहे. खुदाई 1,400 घनफूट लावली आहे. तुमचे खड्डे पाच बाय पाचचे. जादा साडेतीन फूट धरलं तर एका खड्ड्याचे साडेसत्याऐंशी, बाराचे 1,050 घनफूट. उरलेले 350 कुठून आले? त्यानं डंपरमधली माती मोजली असणार. खणलेली माती फुगते, म्हणून सरकारी कामात मोजमाप खड्ड्याचं घेतात, ढिगाचं नाही. कडा ढासळल्या म्हणून रुंद खणावं लागलं असं तो म्हणेल. तसं असेल तर उघड्या खड्ड्यांत दिसेलच.

काँक्रीटची गोष्ट याहून मोठी. बिलात 272 घनफूट आहे. तुमची फुटिंग चार बाय चार, जाडी सव्वा फूट. बारांचं मिळून 240. पण ती तर ठोक रकमेत आधीच होती. फुटिंग तेवढीच राहिली, फक्त खाली सरकली. जादा काँक्रीट लागलं ते साडेतीन फुटांच्या कॉलमचं. नऊ इंच बाय बारा इंचांचे बारा कॉलम, म्हणजे साडेएकतीस घनफूट. म्हणजे 240 घनफुटांचे पैसे तो दुसऱ्यांदा मागतोय. (इंजिनियरनं फुटिंगचा आकार वाढवला असेल तर फरक द्यावा लागेल. सुधारित नकाशा मागा.) जादा भराव आणि माती वाहून नेणं हे खरे खर्च आहेत, ते नाकारू नका.

काम बंद करणं त्याला महागात पडू शकतं. ठरलेले हप्ते तुम्ही वेळेवर दिले असताना वादग्रस्त रकमेसाठी सगळंच काम अडवणं हा करारभंग ठरू शकतो. स्पीड पोस्टानं नोटीस पाठवा : मोजमापाचा तक्ता, तुमच्या हिशोबाची रक्कम, सात दिवसांत काम सुरू करण्याची मुदत. तो आला नाही तर करार कायद्याच्या कलम 39 खाली करार संपवून दुसऱ्याकडून काम करून घेता येईल आणि वाजवी जादा खर्च कलम 73 खाली मागता येईल. मात्र त्याच कलमानुसार नुकसान कमी करण्यासाठी तुम्ही काय केलंत हेही पाहिलं जातं. पावसाळा तोंडावर असताना काळ्या मातीतले उघडे खड्डे तसेच ठेवून पुढे भरपाई मागितलीत तर न्यायाधीश आधी तुम्हालाच प्रश्न विचारतील.

वाजवी वाटणारी रक्कम बँकेतूनच द्या, "हक्क अबाधित ठेवून" असं लिहून. रोख अजिबात नको. सळई तुमच्या बिलावर आहे. ती परस्पर नेली तर तो पैशाचा वाद उरत नाही, भारतीय न्याय संहितेखाली चोरीची किंवा विश्वासघाताची तक्रार होते. हे नोटिशीत एका ओळीत येऊ द्या.

"काळी मिट्टी निकली तो अलग" असं तोंडी ठरलं होतं, असा त्याचा दावा येईलच. लेखी कराराच्या विरुद्ध जाणारं आधीचं तोंडी बोलणं चालत नाही, पण करार जिथे गप्प आहे तिथे वेगळं तोंडी ठरलेलं सिद्ध करता येतं. त्यामुळे तुमचे जुने मेसेज पुसू नका. ते पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागेल.

प्रकरण वाढलंच तर इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. घरबांधणी ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवा आहे. दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, तक्रारीची मुदत दोन वर्षांची.

काम सुरू झालं तर आधी पुरवणी करार करा, त्यात दर लिहा : दर घनफूट खुदाई, भराव, मुरूम, पाणी उपसणं, सेप्टिक टँक. फरशीखाली काळी माती परत भरणार नाही, हेही. बँकेचं कर्ज असेल तर ते जुन्या अंदाजपत्रकावर मंजूर झालं असेल. वाढीव रक्कम मागायची तर इंजिनियरचं सुधारित अंदाजपत्रक आताच द्या.

आणि तुमच्या फोटोत शेजाऱ्याची भिंत खड्ड्याला अगदी चिकटून दिसते. सुविधाधिकार कायद्याच्या कलम 7 नुसार त्याच्या जमिनीला तुमच्या जमिनीचा नैसर्गिक आधार मिळण्याचा हक्क आहे. त्याचं घर वीस वर्षांहून जुनं असेल तर इमारतीलाही कलम 15 खाली तसा हक्क मिळालेला असू शकतो. मोजमाप झालं की त्या बाजूचे खड्डे सगळ्यांत आधी भरून घ्या, आणि भिंतीवर आज असलेल्या भेगांचे फोटो शेजाऱ्यासमोर काढून ठेवा.