प्रश्न तुमचे : अमेरिकेतली शाळा आणि मुलांचं इंग्रजी

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा, पुण्यात तिसरीपर्यंत मराठी माध्यमात होता. आता न्यू जर्सीत चौथीत आहे. शाळेने त्याला इएसएलच्या (इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकवणाऱ्या) वर्गात घातलंय. हा 'ढ' मुलांचा वर्ग का? त्यातून नाव काढून घ्यावं का? घरी इंग्रजीच बोलू का?
— एक आई, एडिसन

उत्तर : 'ढ' मुलांचा वर्ग मुळीच नाही. प्रवेशाच्या फॉर्ममध्ये घरची भाषा मराठी दिसली की शाळा इंग्रजीची चाचणी घेते. इंग्रजी न येणाऱ्या मुलांना नुसतं वर्गात बसवून भागत नाही, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली 'लाउ विरुद्ध निकल्स' खटल्यात ठरवलं. लेखी नकार द्यायचा हक्क तुम्हाला आहे, पण घाई नको. नकार दिला तरी मुलगा इंग्रजी शिकणाऱ्यांच्या यादीत राहतो आणि दरवर्षीची चाचणीही चुकत नाही. बुडते ती फक्त मदत.

वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत (मध्येच प्रवेश घेतला असेल तर वर्गात घातल्यापासून दोन आठवड्यांत) शाळेचं पत्र यायला हवं. मुलाची पातळी, मदतीची पद्धत आणि यादीतून बाहेर पडायचे निकष त्यात असतात. शिक्षिकेला एक गोष्ट आवर्जून विचारा : इएसएलसाठी त्याला वर्गाबाहेर नेतात तेव्हा कोणता तास बुडतो? गणिताचा बुडत असेल तर वेळ बदलून मागा.

घरी मराठीच बोला. बाष्पीभवन म्हणजे काय हे मराठीत कळलेल्या मुलाला 'इव्हॅपोरेशन' हा फक्त नवा शब्द असतो. पुढच्या धड्यातले सहा-आठ शब्द शुक्रवारी मागून घ्या आणि शनिवार-रविवारी मराठीत समजवा. अख्ख्या पुस्तकाचं भाषांतर करत बसू नका.

गणितात एक फसगत हमखास होते. 'फाइव्ह लेस दॅन ट्वेल्व्ह' ऐकून मूल ५ − १२ लिहितं आणि शिक्षिकेला वाटतं, वजाबाकी कच्ची. खरं तर इंग्रजीत पाच आधी येतो, मराठीत 'बारापेक्षा पाचने कमी' म्हणताना बारा आधी. मुलाला वाक्य आधी मराठीत म्हणायला लावा, मग आकडे मांडू दे. १२ − ५ आपोआप येतं.

पहिले काही महिने तो वर्गात गप्प राहिला तर घाबरू नका. मात्र मराठीतही वाचताना अडत असेल, सांगितलेलं विसरत असेल, तर अडचण इंग्रजीची नसू शकते. तेव्हा शाळेकडे तपासणीची मागणी लेखी करा.

प्रश्न : मुलगी सातवीत आहे, फाडफाड इंग्रजी बोलते. तरी तिसऱ्या वर्षीही नाव यादीतच!

उत्तर : मैदानावरचं इंग्रजी साधारण दोन वर्षांत येतं. विज्ञान-इतिहासाच्या पुस्तकातलं यायला पाच ते सात वर्षं लागतात. न्यू जर्सीत इंग्रजीची दरवर्षीची जी 'विडा अ‍ॅक्सेस' चाचणी असते, तिच्या एकूण गुणांत वाचन आणि लेखन प्रत्येकी ३५ टक्के, ऐकणं आणि बोलणं प्रत्येकी १५. म्हणजे तिची फाडफाड फक्त १५ टक्क्यांत मोजली जाते. निकालपत्रात चारही पातळ्या वेगळ्या दिलेल्या असतात, त्या बघा. बहुतेक वेळा लेखन मागे असतं.

रोज दहा मिनिटं एक परिच्छेद लिहून घ्या : धड्यातली एक घटना, तिचं कारण, तिचा परिणाम. 'बिकॉज', 'ऑल्दो', 'देअरफोर' यांपैकी दोन शब्द त्यात आलेच पाहिजेत. एका आठवड्यात एकाच प्रकारची चूक दुरुस्त करा. सुरुवात इंग्रजीतल्या 'अ' (a) आणि 'द' (the) या शब्दांपासून करा, कारण मराठीत ते नसतातच आणि आपली मुलं तिथेच गळतात. सगळं लाल केलंत तर वही बंद होते. यादीतून नाव निघाल्यावरही शाळेने किमान दोन वर्षं तिच्या प्रगतीवर लक्ष ठेवायचं असतं.

प्रश्न : फॉर्मवर घरची भाषा 'इंग्रजी' लिहून टाकली तर?

उत्तर : मग बहुधा चाचणीच होणार नाही, आणि मूल अडखळलं की कारण शोधण्यात महिने जातील. खरं तेच लिहा. पालकसभेत दुभाषा लागत असेल तर तो शाळेने मोफत द्यायचा असतो, आधी कळवून मराठीचा मागा. मुलालाच दुभाषा करू नका. स्वतःच्या तक्रारी तो गाळून सांगतो.