ढकलयंत्र आणि बॅटरीची साधने

प्रश्न : घरापुढच्या छोट्या, सपाट हिरवळीसाठी पेट्रोलऐवजी हाताने ढकलायचे गवत कापण्याचे यंत्र पुरेल का? त्याच्या जोडीला बॅटरीची साधने घ्यावीत का?

उत्तर : पुरेल, मात्र गवत वेळच्या वेळी कापण्याची तयारी हवी. या यंत्रातील फिरती पाती खालच्या स्थिर पात्याला लागून जातात आणि गवत कात्रीसारखे कापतात. त्यामुळे काप स्वच्छ येतो आणि टोके फाटून पिवळी पडत नाहीत. गवत गुडघ्याएवढे वाढले, की ते कापले जाण्याऐवजी आडवे पडते, आणि वाटेत आलेली काटकी पात्यांत अडकून चाकेच थांबतात. म्हणून आधी काटक्या वेचाव्यात आणि एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक गवत कापू नये. धार तपासण्यासाठी फिरत्या आणि स्थिर पात्यामध्ये कागदाची पट्टी धरून रीळ, म्हणजे फिरत्या पात्यांचा दंडगोल, हाताने सावकाश फिरवावे. बोटे मात्र दूर ठेवावीत. कागद दुमडला, तर पात्यांतील अंतर कमी करावे किंवा धार लावून घ्यावी.

भिंतीलगतचे गवत या यंत्राच्या आवाक्यात येत नाही, तेथे बॅटरीचा ट्रिमर खरोखर उपयोगी पडतो. पाने उडवणाऱ्या ब्लोअरची गरज छोट्या अंगणाला क्वचितच भासते, खराटा पुरतो. साधने घेताना एकाच कंपनीची, एकच बॅटरी चालणारी घ्यावीत. लिथियम-आयन बॅटरी दीर्घकाळ वापरायची नसेल, तर ती साधारण निम्मी चार्ज करून कोरड्या, थंड जागी ठेवावी आणि ट्रिमर साफ करण्यापूर्वी न विसरता काढून घ्यावी.