वाचकांचे प्रश्न : त्यागाविषयी काय बोलावे?

प्रश्न : आमचे गाव चिमूर तालुक्यात आहे. यंदा स्वातंत्र्यदिनी ध्वजवंदनानंतर जिल्हा परिषद शाळेच्या पटांगणात गावकऱ्यांसमोर मला बोलायचे आहे. दरवर्षी थोर पुढाऱ्यांची तीच वचने वाचली जातात आणि मुलांचे त्यांकडे लक्ष नसते. त्याग आणि धैर्य यांविषयी मनाला भिडणारे शब्द सुचवावेत.
– एक शिक्षिका, जि. चंद्रपूर

उत्तर : ताई, ज्या तालुक्याने १९४२ साली एवढे सोसले, तेथे बाहेरची वचने शोधण्याची आवश्यकता नाही. ८ ऑगस्टला मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर गांधीजींनी ‘करेंगे या मरेंगे’ हा मंत्र दिला आणि अवघ्या आठ दिवसांनी, १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर आणि वर्धा जिल्ह्यातील आष्टी ही दोन्ही गावे पेटून उठली. तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांनी तेथील मने आधीच जागी केली होती. त्याच महिन्यात महाराजांनाही अटक झाली. चिमूरच्या गोळीबारात बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा हुतात्मा झाला, हे मुलांना अवश्य सांगावे. संतप्त जमावाच्या हातून सरकारी अधिकारी व पोलीस मारले गेले, हेही लपवू नये. इतिहास अर्धा सांगितला की मोठी होणारी मुले आपल्या उरलेल्या अर्ध्यावरही विश्वास ठेवत नाहीत.

माझ्या मते खरे धैर्य दिसले ते त्यानंतर. गावात लष्कर आले, घरे लुटली गेली, पुरुषांची धरपकड झाली आणि स्त्रियांवर अत्याचार झाले. ज्या काळात अशी गोष्ट घरातसुद्धा उच्चारली जात नसे, त्या काळात चिमूरच्या स्त्रियांनी भेटीस आलेल्या महिलांसमोर आपल्यावर काय गुदरले ते सांगितले. त्यांच्या सांगण्याची निष्पक्ष चौकशी व्हावी, एवढ्याच मागणीसाठी सेवाग्राम आश्रमातील प्राध्यापक भन्साळी दिल्लीला गेले आणि व्हाइसरॉयच्या कार्यकारिणीचे सदस्य असलेल्या आपल्याच विदर्भातील लोकनायक बापूजी अणे यांच्या दारी त्यांनी अन्नत्याग आरंभला. पुढे सेवाग्रामला त्यांचे उपोषण ६३ दिवसांपर्यंत गेले. त्याची बातमी छापण्यावर सरकारने बंदी घातली, तेव्हा निषेध म्हणून ६ जानेवारी १९४३ रोजी देशातील अनेक वृत्तपत्रांनी आपला अंकच काढला नाही. १२ जानेवारीला उपोषण सुटले. ज्यांच्याशी आपले रक्ताचे नाते नाही, अशा खेड्यातल्या आयाबहिणींच्या शब्दाला मान मिळावा म्हणून एका माणसाने प्राण पणाला लावले, याहून मोठे प्रेरक वचन मला तरी ठाऊक नाही.

भाषणात हा प्रसंग संथपणे, तारखांसह सांगावा. विशेषणे घालू नयेत. वेळ उरल्यास अनसूयाबाई काळे यांचा उल्लेख करावा. आष्टी-चिमूर खटल्यांत अनेकांना फाशीची शिक्षा झाली, तेव्हा ती टळावी म्हणून या बाईंनी अथक धडपड केली आणि १९४५ साली फाशीच्या छायेतील कैद्यांचे प्राण वाचले. त्यांच्या कुटुंबांपैकी कोणी आपल्या परिसरात असतील, तर त्या दिवशी आपल्या आधी त्यांना बोलण्याची विनंती करावी.