एमपीआयला चार प्रोसेस मागितल्या, तरी एकूण 1 कसा?

अरे, एमपीआयमध्ये, म्हणजे एकच प्रोग्रॅम अनेक प्रोसेसमध्ये एकाच वेळी चालवून त्यांच्यात निरोप पाठवायच्या पद्धतीत, प्रोसेसचा आकडा कोडमध्ये ठोकून ठेवू नकोस. नाशिकच्या लॅबमधल्या पीसीवर 4 धरून लिहिलेलं चालेल, पण उद्या पुण्याला सी-डॅकच्या क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांवर) नेलंस की बोंब. एमपीआय सुरू करणारं एमपीआय_इनिट झालं की लगेच एकूण प्रोसेस किती ते सांगणारं एमपीआय_कॉम_साइझ कॉल कर. पहिलं आर्ग्युमेंट एमपीआय_कॉम_वर्ल्ड, म्हणजे सगळ्या प्रोसेसचा गट; दुसरं तुझ्या इंट व्हेरिएबलचा पत्ता, त्यात तो आकडा येतो. रँक, म्हणजे प्रत्येक प्रोसेसचा क्रमांक, 0 पासून, म्हणून शेवटचा रँक साइझ वजा 1.

आता तुझा खरा घोळ. प्रोग्रॅम चालवणाऱ्या एमपीआयरन कमांडला एनपी 4 (म्हणजे चार प्रोसेस) दिलंस आणि 'मी 0, एकूण 1' ही ओळ चारदा छापली गेली ना? त्यासाठी कोडला हात लावू नकोस. बहुतेक वेळा लॅपटॉपवर ओपन एमपीआय आणि एमपिच या एमपीआयच्या दोन वेगवेगळ्या लायब्ररी नांदत असतात; कंपाइल एकाने, चालवलं दुसऱ्याने. 'व्हिच एमपीआयसीसी' (ही कंपाइल करणारी कमांड) आणि 'व्हिच एमपीआयरन' टाकून दोन्ही पाथ ताडून बघ. ओळ एकदाच आली असती, तर एमपीआयरनशिवाय थेट फाइल चालवलीस असं म्हणालो असतो.

ओपन एमपीआय स्लॉट (प्रोसेससाठीच्या जागा) पुरत नाहीत म्हणून कुरकुरलं, तर तू कोअरपेक्षा जास्त प्रोसेस मागतोयस. सरावापुरतं ओव्हरसबस्क्राइब, म्हणजे जागांपेक्षा जास्त प्रोसेस चालवू देणारा पर्याय, लाव, पण त्यावर वेग मोजून सरांना आलेख दाखवायला जाऊ नकोस.